एका अक्षराची नावं

बातमी फोनवर आली. आमच्या पेपरच्या पुरवणीची पानं लागत होती आणि डेस्कवरचा फोन नेहमीप्रमाणे दोन-तीन हातांतून फिरत माझ्यापर्यंत पोहोचला. पलीकडे माझी पत्नी शुभदा होती. गोरेआत्या गेल्या, असं तिने सांगितलं. दुपारी जेवून आडव्या झाल्या, चहाच्या वेळी ती बोलवायला गेली तेव्हा उठल्या नाहीत. डॉक्टर येऊन गेले होते. आत्या कुशीवर झोपलेल्या होत्या, चष्मा उशाशी होता, त्रास झाल्याचं काही लक्षण नव्हतं. हे सगळं तिने क्रमाने सांगितलं आणि मग म्हणाली, “आधी ठाण्याला कळवते… मग बाकीच्यांना.” ठाण्याला म्हणजे आत्यांच्या भावाच्या घरी. काही वर्षांपूर्वी हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारलं नसतं. एका बारशावरून त्या घराचं दार आत्यांना बंद झालं होतं आणि ते जवळजवळ पाव शतक बंदच राहिलं. त्या दारातून पुन्हा कोणीतरी आपल्याला आत बोलवावं, यापलीकडे आत्यांनी कशाची आस धरल्याचं मला आठवत नाही.

गोरेआत्या आमच्या नात्यातल्या नव्हत्या. भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमधली आमची इमारत अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास राहती झाली, तेव्हा पहिल्या कुटुंबांपैकी एक आमचं होतं आणि समोरच्या दारात त्या होत्या. दादरची भाड्याची खोली सोडून आलेल्या. यजमान रेल्वेत होते, निवृत्तीनंतर लवकरच वारले. मूलबाळ नव्हतं. इंद्रलोक तेव्हा अर्धवट होतं. काही इमारतींना बाहेरून गिलावा झाला होता, काहींना नव्हता, मधल्या मोकळ्या जागेत वाळूचे ढीग, आणि गच्चीत गेलं की लांबवर मिठागरं दिसत. लालबाग, परळ, दादर इथून स्वतःच्या जागेसाठी आलेली मराठी कुटुंबं, शेजारी गुजराती, कोकणातून आणि मराठवाड्यातून आलेली बौद्ध कुटुंबं, अशी आमची जिन्याजिन्यातली वस्ती. बहुतेक जोडपी तिशीच्या आतबाहेरची. आधी जागा, मग मूल, असं बहुतेकांनी ठरवलेलं असावं, कारण पुढच्या काही वर्षांत आमच्याकडे बारशी एकामागून एक झाली. अडचण एकच येई. पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान बापाच्या बहिणीचा, आणि आमच्यापैकी अनेकांच्या बहिणी गावी नाहीतर परराज्यात. ज्या मुंबईत होत्या त्यांनाही पोरंबाळं आणि सामान घेऊन भाईंदर गाठायचं म्हणजे प्रवासच वाटे. म्हणून ऐनवेळी कोणीतरी समोरच्या गोरेबाईंना उभं करी. अशा त्या गोरेबाईंच्या गोरेआत्या झाल्या.

पहिली वेळ आमच्या मुलीची होती. माझी बहीण नागपूरला, ती स्वतःच बाळंतीण. गोरेबाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या, बाळ पाहिलं, आणि नाव ठरलं का म्हणून विचारलं. माझ्या आईने पंचांगातून अक्षर काढून आणलं होतं, ग. तिच्या मनात गायत्री होतं. गोरेबाईंनी ते नाव माझ्या नावासकट आणि आडनावासकट दोनदा पुटपुटून पाहिलं. गायत्री माधव मुळे. मग म्हणाल्या, “बाप म, घर म, आणि पोरगी एकटीच ग? ती काय पाहुणी आहे?”

आई म्हणाली की तिन्ही अक्षरं सारखी म्हणजे तीन तिघाडा. मीही बोललो. असं नाव साबणाच्या जाहिरातीसारखं वाटेल, असं माझं म्हणणं होतं. गोरेबाई माझ्याकडे वळल्या. “माधवराव, तुमच्या पेपरात मथळ्याला अनुप्रास चालतो. मंत्र्यांची मखलाशी, महापौरांची माघार, रोज वाचते मी. तेवढा पोरीला चालत नाही होय?” महापौरांची माघार हा मथळा माझाच होता. आईने मग शेवटचा मुद्दा काढला. मुलगी आहे, लग्न झालं की बापाचं नावही जाईल आणि आडनावही, मग जुळवून उपयोग काय? गोरेबाईंनी बाळाच्या पायावरचं दुपटं नीट केलं आणि साध्या आवाजात म्हणाल्या, “जाणार आहे म्हणूनच जुळवायचं. जे सुटणार ते आधी नीट बांधलेलं तरी असावं.” तोडगाही त्यांनीच काढला. ग वरचं नाव पत्रिकेत राहील आणि हाक मारायचं नाव वेगळं असेल. पुष्कळ घरांत असं करतातच. मुलीचं नाव मुक्ता ठेवलं. मुक्ता माधव मुळे.

नाव निवडण्याची त्यांची एक रीत होती आणि ती स्वयंपाकघरात चाले. यादीतलं नाव त्या बसून वाचत नसत. पोळ्या लाटायला घेत, आणि लाटता-भाजता ते नाव तिन्ही भागांसकट मोठ्याने घेत राहत. आई पोराला हाक मारते ती हात पिठात असताना, तवा तापलेला असताना, लक्ष दुसरीकडे असताना, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा जे नाव तोंडातून सहज सुटेल ते खरं. अनुप्रास हवा, पण त्यालाही त्यांचे नियम होते. पहिल्या मजल्यावरच्या प्रधानांनी प्रद्युम्न प्रल्हाद प्रधान असं नाव मोठ्या हौसेने आणलं, तेव्हा आत्यांनी ते तीनदा घेतलं आणि चिमट्याने तव्यावरची पोळी उचलून प्रधानांच्या बायकोला दाखवली. खालून काळी झाली होती. “एक हाक मारेपर्यंत ही अशी. तू दिवसातून किती मारणार आहेस?” त्या मुलाचं नाव पुढे पराग झालं. दुसऱ्या एका घरातून ब ची तीन नावं आली होती, ती त्यांनी ऐकताक्षणी परत पाठवली. ताशा बडवल्यासारखं वाटतं म्हणाल्या.

तळमजल्यावरचे तांबे टेलिफोन खात्यात होते, मूळचे चिपळूणकडचे. त्यांच्या घरी मुलगी झाली तेव्हा ते स्वतः वर आले. म्हणाले, “आत्या, आमच्यात पत्रिका नाय, अक्षर नाय. बुद्धवंदना घ्यायची आणि नाव ठेवायचं. तुम्हाला पायजे ते अक्षर घ्या. फक्त नाव आपलं पायजे.” आपलं म्हणजे काय, हे आत्यांनी विचारून घेतलं आणि तांब्यांनी दारात उभ्याउभ्या सविस्तर सांगितलं. त्यांना देवादिकांचं नाव नको होतं. बुद्धाच्या वाटेवरचं, शिकण्यासवरण्याचं काहीतरी हवं होतं. आत्यांनी सुचवलेली तेजस्विनी, तनुजा त्यांनी नम्रपणे बाजूला ठेवली. शेवटी नाव त्यांनीच आणलं, तक्षशिला. बापाचं नाव तुकाराम. आत्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्याच दिवशी चार पोळ्या जास्त केल्या. तांब्यांच्या बायकोला मात्र धसका होता, एवढं लांब नाव हाक मारायला कसं परवडणार? आत्यांनी तेही करून पाहिलं होतं. पोळी जरा लाल होते, पण करपत नाही, असा त्यांचा अहवाल होता. वंदनेनंतर तांब्यांनी त्यांना पाळण्यापाशी बोलावलं. हा तुमचा रिवाज असो नसो, आमच्या पोरीला आत्या पाहिजे, असं ते म्हणाले.

दुसऱ्या मजल्यावरच्या हसमुखभाई हरियांकडे तर प्रश्नच आला नाही. त्यांच्याकडे नाव ठेवण्याचा मान फोईचा, म्हणजे पुन्हा आत्याचाच, आणि मुलीची फोई कच्छमध्ये. हरियाभाभी काळजीत होत्या. आत्या त्यांना आपल्या हिंदीत म्हणाल्या, “फोई नहीं आई तो क्या हुआ? मैं है ना. तुम्हारा ह बहोत अच्छा अक्षर है, उसमें हवा रहती है.” मुलगी हेतल हसमुख हरिया झाली. शाळेत पहिल्या दिवशी हजेरी घेताना बाई हसल्या, अशी तक्रार घेऊन हेतल घरी आली, तेव्हा आत्यांनी तिला विचारलं की बाईंच्या लक्षात कोणाचं नाव राहिलं? हेतलचं. मग झालं तर, म्हणाल्या.

हे सगळं चालू असताना त्यांच्या भावाचा विषय मधूनमधून निघे. त्यांनी तो लपवला नव्हता, उलट ठरावीक वाक्यांत, तक्रारीच्या सुरात, पुन्हा पुन्हा सांगितला होता. धाकटा भाऊ अनंत अभ्यंकर, ठाण्याला. वडील आत्माराम, म्हणून मुलगा अनंत, त्यामुळे अनंतचा मुलगाही अ चा असणार हे आत्यांच्या दृष्टीने गृहीत होतं. बाराव्या दिवशी त्या पाळण्यापाशी गेल्या तेव्हा भावजय नलिनी हिने हळूच सांगितलं, नाव दिनकर घ्या. आत्यांना ते नाव रुक्ष वाटलं. राशीच्या अक्षरावरून भटजींनी काढून दिलं असेल असं त्यांनी मानलं. नाव आत्या ठेवते अशी रीत, म्हणजे शेवटचा शब्द आपला, असंही मानलं. बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, बायकांनी पाठीत धपाटे घातले, आणि आत्यांनी सरळ उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव सांगितलं, अरुण. घुगऱ्या वाटायला सुरुवातही झाली. नलिनी पाळण्याची दोरी सोडून आतल्या खोलीत गेली आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी नाव दिनकरच राहील असं भावाने कळवलं. दोन-तीन वर्षांनी मुलगी झाली, तिच्या बारशाचं बोलावणं आलं नाही. त्यानंतर कशाचंच आलं नाही. भाऊ अधूनमधून त्यांना बाहेर भेटत राहिला, पण घरी या असं म्हणाला नाही. “एका नावावरून,” आत्या म्हणत. “इतकं काय वाईट ठेवलं होतं मी? अरुण अनंत अभ्यंकर. तुम्हीच सांगा, पोळी करपेल का?” मला विचारलं तर करपली नसती. पण हा प्रश्न त्या ज्या आवाजात विचारत, त्यावरून त्यांना उत्तर नको आहे एवढं कळायचं.

भाऊ वारला तेव्हा निरोप आला, तोही तिऱ्हाइताकडून. त्या गेल्या, दर्शन घेतलं, दारातूनच परतल्या. नलिनीशी एक शब्द झाला नाही. आता बोलावणारं कोण उरलं, असं त्या शुभदाला एकदा म्हणाल्याचं तिने मला सांगितलं. इमारतीतल्या कोणाच्याही घरी मात्र त्यांना बोलावणं करायची गरज नव्हती. पाच-सहा वर्षांची पोरं जिन्यात त्यांना आडवी गेली की त्या म्हणत, “सरक बाजूला, तुझ्या बारशाला जेवलेय मी.” हे त्या इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येक पोराला म्हणू शकत आणि ते खरं असे.

मेधा आली ती त्यानंतर काही वर्षांनी. माझी सुट्टी होती, शुभदा आणि मी आत्यांच्या स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो, आत्यांच्या पोळ्या चालू होत्या, दार नेहमीसारखं उघडं होतं. विशीतली एक मुलगी दारात थबकली आणि तिने आपलं नाव सांगितलं. मी मेधा, अनंत अभ्यंकरांची. आत्यांनी लाटणं खाली ठेवलं नाही. “ओळखते. आत ये. उन्हातून आलीस, पाणी घे,” म्हणाल्या, आणि लाटत राहिल्या. मेधा स्टुलावर बसली. दादाला मुलगी झाली, ठाण्याला रविवारी बारसं आहे, आईने बोलावलं आहे, असं तिने सांगितलं. मग जरा घुटमळून म्हणाली, “आईने असंही सांगितलंय की… वन्संना सांग, नाव विचारायला पाठवलेलं नाही. बोलवायला पाठवलंय.”

आत्या हसल्या. शुभदाही हसली. नलू अजून तेच धरून बसली आहे वाटतं, असं म्हणून आत्यांनी आपलं नेहमीचं वाक्य सुरू केलं, की मी एवढं काय वाईट नाव… मेधाने त्यांना पुरं बोलू दिलं नाही.

“नाव वाईट नव्हतं, आत्या. पण दिनकर हे आजोबांचं नाव. आईच्या वडिलांचं. दादा झाला त्याच्या आधी दोन महिने गेले ते.”

“ते तर नाना,” आत्या म्हणाल्या.

“नाना सगळे म्हणायचे. नाव दिनकर.”

आमच्या घरांतून एक नाना असतात, एक अण्णा, एक भाऊ, आणि त्यांचं ठेवलेलं नाव काय हे सुनेच्या सासरच्यांना कित्येकदा ठाऊक नसतं. लग्नपत्रिकेत ते छापलेलं असतं, पण मांडवात पाय ठेवल्यापासून तो माणूस नानाच असतो. आत्या त्यांना दिवाळीला नमस्कार करत होत्या, त्यांच्या हातची सुपारी खात होत्या, ते गेले तेव्हा भावजयीजवळ बसून रडल्याही होत्या. नानांसाठी. दिनकर कोण हे त्यांना कधी कळायची वेळच आली नव्हती. करपल्याचा वास आला तेव्हा शुभदाने उठून गॅस बंद केला.

“मग तेव्हा मला कोणी सांगितलं कसं नाही?” आत्यांनी विचारलं.

“आईला वाटलं तुम्हाला माहीत आहे. माहीत असून मुद्दाम केलंत, असं वाटलं तिला.” मेधाने पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला. “तुम्हाला ठाऊकच नव्हतं, हे तिला परवा पहिल्यांदा सुचलं. वहिनीच्या वडिलांनाही सगळे भाऊच म्हणतात. बाळाच्या पत्रिकेसाठी त्यांचं नाव लिहायचं होतं आणि ते आईला आठवेना. लग्नाला दोन वर्षंही झाली नाहीत अजून. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, जा, आत्याला घेऊन ये.”

आत्यांनी हात धुतले, पदराला पुसले. बाळाचं नाव काय ठरवलंय, एवढंच त्यांनी विचारलं. ऋतुजा, मेधा म्हणाली आणि घाईने पुढे म्हणाली की जुळत नाही हे माहीत आहे, पण वहिनीला तेच आवडलंय. आत्यांनी ते एकदा सबंध म्हणून पाहिलं. ऋतुजा दिनकर अभ्यंकर. तिन्ही अक्षरं तीन दिशांना. “दिनकर मध्ये आहे ना,” त्या म्हणाल्या. “मग झालं.”

पुढचं मी पाहिलेलं नाही, मी त्या रविवारी ड्यूटीवर होतो. शुभदा त्यांच्याबरोबर गेली होती, तिने सांगितलं ते लिहितो. घोडबंदर रस्त्याने ठाण्याची बस घेतली. चेणे गाव मागे पडेपर्यंत आत्या खिडकीबाहेर पाहत होत्या, मग त्यांनी तोंडातल्या तोंडात ते नाव घोकायला सुरुवात केली, शाळेतली मुलगी कविता घोकते तसं. शुभदाने विचारलं, विसरेल अशी भीती वाटते का? आत्या म्हणाल्या, “विसरण्याची नाही गं. जिभेला सवय आहे ना जुळवायची, ती ऐनवेळी दगा देईल.” ठाण्याच्या घरी नलिनीवहिनी दारातच उभ्या होत्या. या वन्सं, म्हणाल्या. बाकी काही नाही. कानात नाव सांगायचा खरा मान मेधाचा, बाळाची आत्या ती. पण पाळण्यापाशी तिने बाजूला सरून या आत्यांना जागा करून दिली, बहुधा आधी ठरल्याप्रमाणे. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. आत्या वाकल्या. खोलीतल्या जुन्या बायकांना मागचं बारसं आठवत होतं, त्यामुळे सगळ्या पाळण्याकडे सरकल्या. आत्यांनी कुर्रर्र केलं आणि कानात बराच वेळ काहीतरी सांगत राहिल्या, इतका वेळ की नलिनीवहिनींनी पाळण्याची दोरी घट्ट धरली. मग आत्या सरळ झाल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “ऋतुजा.” मागून धपाटे पडले. शुभदाच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यांत जोरात नलिनीवहिनींचा होता. आत्या पाठ चोळत म्हणाल्या, “नलू, पंचवीस वर्षांचं व्याज लावलंस गं.” परतीच्या बसमध्ये शुभदाने विचारलं, एवढा वेळ कानात काय सांगत होतात? सबंध नाव सांगितलं, आत्या म्हणाल्या. “दिनकर दोनदा सांगितलं.”

त्यानंतरची त्यांची वर्षं मी सुखाची म्हणेन. नलिनीवहिनी इंद्रलोकला येऊ लागल्या, कधी दोन दिवस राहत. दोघींचं बोलणं म्हणजे एकमेकींना टोमणे. इथली हवा खारट, पाणी जड, रिक्षावाले हिंदीत बोलतात, अशी वहिनींची तक्रार. ठाण्याला काय कावेरीचं पाणी येतं का, असं आत्यांचं उत्तर. इमारतीतल्या मुलांना वहिनी मुद्दाम पूर्ण नावाने हाका मारत आणि आत्यांकडे पाहून म्हणत, “ही मुलं आहेत की बाराखडीचा तक्ता?” आत्यांना हे फार आवडे. नावांच्या बाबतीत त्यांनी आपला आग्रह सोडला नाही. पुढची तीन-चार बारशीही त्यांनी एका अक्षरातच केली. फरक एवढाच पडला की नाव सुचवण्याआधी त्या बाळाच्या आईला एक गोष्ट विचारू लागल्या. तुझ्या माहेरी कोणाचं नाव राहिलंय का? आणि असेल तर, तो माणूस काय म्हणून ओळखला जायचा हे नाही, त्याचं नाव काय होतं ते सांग.

त्या गेल्या त्याच संध्याकाळी नलिनीवहिनी, दिनकर आणि मेधा ठाण्याहून आले. इमारतीचे सेक्रेटरी हसमुखभाई हरिया जिन्याखालच्या काळ्या फळ्यापाशी खडू घेऊन उभे होते. आमच्याकडे कोणी गेलं की नाव आणि अंत्ययात्रेची वेळ तिथे लिहायची पद्धत आहे. मी पेपरवाला म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, श्रीमती सुधा प्रभाकर गोरे. हेच नाव रेशनकार्डावर होतं, दारावरच्या पाटीवर होतं. नलिनीवहिनी बाजूला उभ्या राहून वाचत होत्या.

“हे सासरचं झालं, माधवराव,” त्या म्हणाल्या. “खाली माहेरचंही लिहा.”

माहेरचं म्हणजे, मी विचारलं.

“अंबिका,” त्या म्हणाल्या. “लग्नात बदललं ते. अंबिका आत्माराम अभ्यंकर.”

शुभदाने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आत्यांनी हे नाव आमच्यापैकी कोणाजवळही घेतलं नव्हतं. हसमुखभाईंनी विचारलं की स्पेलिंग… म्हणजे ते कसं लिहायचं. वहिनींनी एकेक शब्द सावकाश सांगितला आणि मी तो लिहिला. पहिल्या ओळीखाली जागा कमी उरली होती, म्हणून अक्षरं लहान काढावी लागली. वहिनींनी ते पाहिलं, मान हलवली आणि मुलाचा हात धरून वर गेल्या.

फळा तेराव्यानंतर पुसला. मधल्या दिवसांत मुलं येता-जाता तो वाचत होती. मुक्ता आता बाराची आहे. खालची ओळ कोणाची, असं तिने पहिल्या दिवशी विचारलं होतं, आणि आत्याची, असं तिच्या आईने सांगितलं होतं. मग तिने फळ्यासमोर उभं राहून ते नाव एका दमात म्हणून पाहिलं. हरियाभाभी हल्ली अंबिकाआत्या म्हणतात, तांबेही म्हणतात. मुक्ता तेवढ्यावर थांबत नाही. परवा समोरच्या बंद दारावर कुरियरवाला टकटक करत होता. सुधा गोरे इथेच राहतात का, असं त्याने विचारलं. मुक्ता जिन्यातून वर येत होती. राहत होत्या, असं तिने त्याला सांगितलं, आणि मग खालच्या ओळीतली तिन्ही नावं, मध्ये न थांबता, सांगितली.